दूरदृष्टीचं नेतृत्व शिकवायचंय? सुरुवात अडलेल्या प्रश्नापासून करा

नेतृत्वाचं प्रशिक्षण आखायची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. दोन दिवस, मोठं सभागृह, एखादी स्वभावचाचणी, एक जोशपूर्ण व्याख्यान आणि शेवटी प्रत्येकाने चार्टपेपरवर लिहिलेलं 'माझं व्हिजन'. कामावर परतलं की पहिले पाढे पंचावन्न. यात दोष व्याख्यात्याचा नसतो. माणूस ज्या रचनेत काम करतो ती तशीच असते, आणि ती टिकवण्यात आपला स्वतःचा हात किती आहे हे त्याला दिसलेलंच नसतं.

म्हणून हा क्रम उलटा आहे. आधी अडलेला प्रश्न, मग त्यामागच्या रचनेचं चित्र, मग त्या चित्रात नेत्याची स्वतःची जागा आणि त्यानंतर व्हिजन. कालावधी १२ आठवडे. दर दोन आठवड्यांनी एक, अशी चार-चार तासांची ६ सत्रं. मधल्या काळात प्रत्येकाने आपल्याच कामावर करायची कामगिरी. गट १२ ते १६ जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटात मागच्या रांगेतले लोक प्रेक्षक होतात.

आधी जमवायची सामग्री

- प्रत्येकाचा एक पानी प्रश्नपत्रक-अर्ज (पायरी १)
- प्रत्येकाच्या वरिष्ठांबरोबरचं अर्ध्या पानाचं लेखी ठरावपत्र (पायरी १)
- बिअर गेम या मालपुरवठा साखळीच्या खेळाचे (पायरी ३) पट, ठोकळे किंवा नाणी, ऑर्डरच्या कोऱ्या चिठ्ठ्या, नोंदीचे तक्ते
- पांढरा फळा किंवा भिंतीला लावायचे मोठे कागद, दोन रंगांचे मार्कर, चिकटचिठ्ठ्या
- प्रत्येकाने आणायची आकडेवारी: आपल्या प्रश्नाशी संबंधित एका आकड्याची गेल्या १८ ते २४ महिन्यांची नोंद
- प्रयोगपत्रं, माणशी किमान ४ (पायरी ७)
- एक सहप्रशिक्षक. एकट्याने करायला जाऊ नका. बोलणाऱ्याचं लक्ष खोलीभर राहत नाही.

## १. आधी प्रश्न निवडा, माणसं नंतर

नावांची यादी घेऊन सुरुवात केली की 'या वर्षी कोणाला पाठवायचं राहिलंय' या हिशेबाने माणसं येतात. त्याऐवजी अर्ज मागवा. अर्जात चारच गोष्टी असाव्यात: प्रश्न एका वाक्यात, तो किती काळ चालू आहे, आजवर काय-काय करून पाहिलं, आणि तो सुटला तर कोणाचं काय जाईल.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कोरं ठेवणारे अर्ज परत पाठवा. वर्षानुवर्षं अडलेला प्रश्न सुटल्यावर कोणाचंच काही जात नसेल, तर तो आतापर्यंत का सुटला नाही, हे अर्जदाराने अजून पाहिलेलं नाही.

'लोकांमध्ये आपलेपणाच नाही' हाही प्रश्न नव्हे. तो निकाल आहे. 'गेल्या वर्षात १२ पैकी ५ अनुभवी माणसं सोडून गेली आणि नव्यांना तयार व्हायला ६ महिने लागतात' हा प्रश्न आहे, कारण त्यात काहीतरी मोजता येतं.

निवड झाली की प्रत्येकाच्या वरिष्ठांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सत्राच्या दिवशी कामाचे फोन येणार नाहीत, आठवड्याला ३ तास कामगिरीसाठी मोकळे राहतील, आणि प्रयोगाच्या काळात ठरलेला एक आकडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिघडला तरी मध्येच हात घातला जाणार नाही. तिसरी अट बोलण्यावर सोडू नका. तिचं महत्त्व पायरी ५ आणि ६ मध्ये कळेल.

## २. प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये नेतृत्व शिकवणाऱ्या रोनाल्ड हायफेत्झ यांनी केलेली विभागणी इथे उपयोगी पडते. एका बाजूला तांत्रिक प्रश्न: उत्तर कोणाला तरी माहीत आहे, तज्ज्ञ बोलवा, काम संपलं. दुसऱ्या बाजूला जुळवून घेण्याचे प्रश्न: यांत उत्तर बाहेरून आणता येत नाही, कारण ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच आपल्या सवयी, निष्ठा किंवा अधिकार यांतलं काहीतरी सोडावं लागतं.

ओळखायच्या खुणा अशा: तोच प्रश्न तिसऱ्यांदा 'सुटलाय', बैठकीत सगळे होकार देतात आणि बाहेर पडल्यावर काही हलत नाही, चर्चा वारंवार एका माणसावर घसरते, किंवा नवं सॉफ्टवेअर आल्यावरही कामं जुन्याच वहीत होतात. दोन खुणा जुळल्या तरी प्रश्न दुसऱ्या जातीचा समजून चाला.

बहुतेक प्रश्न मिश्र असतात, त्यामुळे 'हा की तो' असा वाद लांबवू नका. प्रश्नाचे तुकडे चिकटचिठ्ठ्यांवर लिहून दोन रकान्यांत लावा. अर्धा तास पुरे. तांत्रिक रकान्यातल्या चिठ्ठ्या त्या-त्या तज्ज्ञाकडे द्या आणि प्रशिक्षणातून काढून टाका.

## ३. बिअर गेम खेळवा, आणि घाई करू नका

पहिल्या सत्राचे तीन तास याला द्या. हा खेळ एमआयटीत, जे फॉरेस्टर यांच्या सिस्टिम डायनॅमिक्सच्या (रचना काळानुसार कशी वागते याच्या अभ्यासाच्या) कामातून, १९६०च्या सुमारास तयार झाला. मालाचं नाव काहीही ठेवा, रचना तीच.

एका साखळीत चार ठाणी: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना. प्रत्येक ठाण्यावर एक किंवा दोन जण. १६ जणांच्या दोन साखळ्या होतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ नग साठा असतो. ऑर्डर वर पोहोचायला वेळ लागतो आणि माल खाली यायला दोन आठवडे (खेळातली एक फेरी म्हणजे एक आठवडा). पडून असलेल्या प्रत्येक नगाला आठवड्याला अर्धा गुण दंड, न पुरवता आलेल्या प्रत्येक नगाला एक गुण. सगळ्या साखळीचा मिळून दंड कमीत कमी ठेवायचा, हे उद्दिष्ट. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठी पुढे सरकवायची. ग्राहकांची मागणी एका गड्डीत पालथी ठेवलेली असते आणि ती फक्त किरकोळ विक्रेत्याला दिसते.

त्या गड्डीत पहिले ४ आठवडे ४ नग असतात, पाचव्या आठवड्यापासून ८ नग, आणि शेवटपर्यंत ८च. बास, एवढाच बदल.

खेळ ५० आठवड्यांचा आहे असं सांगा आणि ३६व्या आठवड्याला थांबवा. शेवट माहीत असला की लोक शेवटच्या फेऱ्यांत साठा रिकामा करू लागतात आणि आलेख बिघडतो.

थांबवल्यावर लगेच गड्डी उघडू नका. आधी किरकोळ विक्रेता सोडून बाकीच्यांना कोरा आलेख द्या आणि विचारा, 'ग्राहकांची मागणी कशी होती असं वाटतं?' बहुतेक जण डोंगरदऱ्या काढतात. मग विचारा, 'साखळी कोणामुळे बिघडली?' बोटं शेजारच्या ठाण्याकडे वळतात. आता गड्डी उघडा आणि चारही ठाण्यांच्या ऑर्डरचे आलेख एकाखाली एक लावा. मागणीतली एक पायरी कारखान्यापर्यंत पोहोचताना मोठी लाट झालेली दिसते. कोणीही मूर्खपणा केलेला नसतो. उशिरा येणारा माल 'आलाच नाही' असं समजून प्रत्येकाने पुन्हा ऑर्डर दिलेली असते.

चुकायच्या जागा तीन. हिशेबात गोंधळ झाला की सगळं खापर हिशेबावर फुटतं, म्हणून पहिले ४ आठवडे सगळ्यांना ठरवून ४चीच ऑर्डर द्यायला लावा आणि तेवढ्यात नोंदी पक्क्या करून घ्या. दुसरं, किरकोळ विक्रेत्याची पानं शेजाऱ्याला दिसता कामा नयेत. तिसरी चूक सर्वांत महागाची: खेळ रंगतो आणि चर्चेला वीस मिनिटं उरतात. खेळाला ९० मिनिटं, चर्चेला ९० मिनिटं, यात तडजोड नको. वेळ कमीच असेल तर खेळ २५ फेऱ्यांवर थांबवा.

## ४. प्रश्नाचं चित्र काढा, आणि चित्रात स्वतःला शोधा

दुसरं सत्र पूर्ण याच्यासाठी. सगळ्या प्रशिक्षणाचा कणा इथे आहे.

आधी आकड्याची रेघ काढायची: आडवा काळ, उभा तो आकडा, गेल्या दोन वर्षांत तो कसा वर-खाली झाला. मग प्रश्न विचारायचा की ही रेघ अशी का आहे. 'मागच्या महिन्यात काय झालं' ही घटना झाली. घटनेवर चर्चा सुरू झाली की रेघेकडे बोट दाखवा.

आता कारणांचे फेरे, म्हणजे एकातून दुसरं असे बाण काढत पुन्हा सुरुवातीच्या जागी येणं. नियम थोडके आहेत. चित्रात फक्त वाढू-घटू शकणारी नामं लिहायची. 'प्रशिक्षण द्या' चालणार नाही, 'प्रशिक्षणाला मिळणारे तास' चालेल. एक वाढल्यावर दुसरं वाढत असेल तर बाणावर अधिक, घटत असेल तर उणे. परिणाम दिसायला वेळ लागत असेल तर बाणावर दोन आडव्या रेघा. फेरा पूर्ण झाला की उणे चिन्हं मोजायची: सम आली (शून्यही सम) तर तो फेरा स्वतःलाच वाढवत नेणारा, विषम आली तर तोल सांभाळणारा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा विभाग. प्रलंबित तक्रारी वाढल्या की विभागप्रमुख आणि अनुभवी मंडळी बाह्या सरसावून स्वतः बसतात. त्यांनी सोडवल्या की प्रलंबित तक्रारी घटतात. एक अधिक, एक उणे, म्हणजे तोल सांभाळणारा फेरा. इथपर्यंत सगळं छान.

पण तीच मंडळी स्वतः बसली की नव्यांना शिकवायचा वेळ घटतो (उणे). वेळ घटला की काही महिन्यांनी नव्यांची क्षमता घटते (बाण अधिकचा, कारण दोन्ही एकाच दिशेने जातात, वर दोन आडव्या रेघा). क्षमता घटली की प्रलंबित तक्रारी वाढतात (उणे, कारण दिशा उलट). त्या वाढल्या की अनुभवी मंडळी आणखी बसतात (अधिक). दोन उणे, म्हणजे स्वतःला वाढवणारा फेरा. दुष्टचक्र ज्याला म्हणतात ते हेच, फक्त आता ते कागदावर आहे.

या क्षणी प्रशिक्षकाने एकच प्रश्न विचारायचा: 'या चित्रात तुमचा बाण कोणता?' बहुतेक जण आधी स्वतःला चित्राबाहेर ठेवतात. 'मी फक्त व्यवस्था बघतो.' काखेत कळसा आणि गावाला वळसा. वरच्या उदाहरणात विभागप्रमुखाचं सर्वांत कौतुकाचं काम, अडीअडचणीला धावून जाणं, हाच फेरा फिरवणारा बाण आहे. हे दुसऱ्याने सांगून उपयोग नाही. मार्कर त्याच्याच हातात द्या, बाण दुसऱ्या रंगाने त्यालाच गिरवू द्या आणि गप्प बसा. शांतता एक-दोन मिनिटं लांबली तरी भरून काढू नका.

नेहमीच्या चुका:

- अधिक म्हणजे चांगलं आणि उणे म्हणजे वाईट असं वाचणं. चिन्हं फक्त दिशा सांगतात.
- कामाचा क्रम काढणं. 'अर्ज येतो, मग तपासणी होते' हा क्रम झाला, कारण नव्हे.
- तीस-चाळीस चलं (वाढणारी-घटणारी नामं) कोंबणं. १२ ते १५ वर थांबा. ज्या बाणामुळे एकही फेरा पूर्ण होत नाही तो खोडा.
- खलनायक घालणं. 'वरच्यांची उदासीनता' असं लिहिलं असेल तर विचारा, ती कशामुळे वाढते-घटते? उत्तर नसेल तर ती चिठ्ठी काढा.

## ५. आकडे घालून चित्र तपासा

चित्र पटलं म्हणून खरं ठरत नाही. तिसऱ्या सत्रात साठा आणि प्रवाह वेगळे करा. टाकी डोळ्यांसमोर आणा: पाणी हा साठा, वरचा नळ आणि खालची तोटी हे प्रवाह.

तेच उदाहरण, सोयीचे आकडे घेऊन. प्रलंबित तक्रारी २४०. रोज येतात ४०, सुटतात ३८. एखादी 'विशेष मोहीम' राबवून १२० निकाली काढल्या. सगळीकडे शाबासकी. पण रोजची २ची तफावत तशीच आहे, त्यामुळे ६० कामाच्या दिवसांत आकडा पुन्हा २४० वर. मोहिमेने साठा उपसला, नळ-तोटीला हात लावला नाही. प्रत्येकाने आपल्या प्रश्नासाठी असा पाच ओळींचा हिशेब करायचा. साधं स्प्रेडशीट पुरतं, सिम्युलेशनच्या मागे लागू नका.

मग प्रश्न येतो की हात कुठे घालायचा. सिस्टिम डायनॅमिक्सच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये अशा १२ जागा चढत्या ताकदीने मांडल्या होत्या. गटासाठी त्यांचा थोडक्यात अर्थ पुरतो: नुसते आकडे बदलणं (उद्दिष्ट ३८ ऐवजी ४२) सर्वांत सोपं आणि सहसा सर्वांत कमकुवत; माहिती कोणाला कधी मिळते ते बदलणं त्याहून ताकदीचं; नियम आणखी वर; मुळात ही रचना कशासाठी आहे ते ध्येय त्याहूनही वर. आपण बहुतेक वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी करतो, कारण आकडा बदलायचा अधिकार हातात असतो आणि नियम बदलायला कोणाशी तरी बोलावं लागतं.

इथेच आणखी एक गोष्ट हिशेबाने दाखवून द्या. अनुभवी माणसं शिकवायला बसली की सुरुवातीला रोज सुटणाऱ्या तक्रारी ३८ वरून समजा ३५ वर येतील. म्हणजे रोज ५ची भर, २० दिवसांत १००. सुधारणा होण्याआधी आकडा बिघडणार, हे आधीच कागदावर असलं पाहिजे. पायरी १ मधली तिसरी अट यासाठीच होती. वरिष्ठांना हा तक्ता प्रयोग सुरू व्हायच्या आधी दाखवा, नंतर दाखवला की तो बहाणा वाटतो.

## ६. आता व्हिजन लिहा

चौथं सत्र. एवढं झाल्यावर व्हिजन लिहायला तासभर लागतो, आणि ते वेगळंच उतरतं. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणता साठा किती होईल, कधीपर्यंत, कोणता फेरा उलटा फिरेल, आणि मी काय करायचं थांबवेन.

'ग्राहकसेवेत सर्वोत्तम होऊ' हे टाकून द्या. तपासायची युक्ती सोपी आहे: वाक्य उलटं करा. 'सर्वोत्तम होणार नाही' असं कोणी शहाणा माणूस म्हणेल का? नाही ना? मग मूळ वाक्यात निवडच नाही. त्याऐवजी: '१८ महिन्यांत अवघड तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त नवी माणसं शेवटपर्यंत सोडवतील. त्यासाठी पहिले ३ महिने प्रलंबित आकडा ३५०च्या आत राहील तोवर मी आणि अनुभवी सहकारी त्यांच्या हातातली तक्रार काढून घेणार नाही.' याच्याशी असहमत होता येतं, म्हणून याला अर्थ आहे.

'थांबवेन' ची ओळ लोक टाळतात. तिथे 'अधिक लक्ष देईन', 'प्रोत्साहन देईन' अशी क्रियापदं आली की कागद परत करा.

## ७. छोटे प्रयोग आखा

व्हिजन १८ महिन्यांचं, प्रयोग दोन आठवड्यांचा. प्रयोग आपल्या अधिकारात बसणारा आणि मागे घेता येईल असा हवा. प्रयोगपत्रावर पाच ओळी: काय बदलणार, काय होईल असा अंदाज (आकड्यात), तो कधी दिसेल, कोणती खूण दिसली तर थांबायचं, कोणाला आधी सांगायचं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे विलंब. क्षमता वाढायला ३ महिने लागणार असतील तर दोन आठवड्यांनी प्रलंबित आकडा पाहून 'जमलं नाही' म्हणणं चूक. आधी दिसणारी खूण शोधा. उदाहरणार्थ, नव्या माणसाकडून मध्येच काढून घेतलेल्या तक्रारी आठवड्याला किती? तो आकडा पहिल्याच आठवड्यात हलतो.

सुरू करण्याआधी १५ मिनिटं मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचं प्रीमॉर्टेम (अपयशाची आधीच केलेली तपासणी) करा: 'समजा सहा महिने झालेत आणि हे पार फसलंय. का फसलं ते प्रत्येकाने लिहा.' बोलायला नव्हे, लिहायला सांगा. बैठकीत न निघणारी कारणं कागदावर निघतात.

## ८. पाच जणांचा प्रश्नगट

रेग रेव्हन्स यांच्या 'अॅक्शन लर्निंग' (खऱ्या प्रश्नावर गटात काम करत शिकणं) वरून घेतलेली पद्धत, थोडी कसलेली. पाच जण, ५० मिनिटं, एकाचा प्रश्न. पहिली ५ मिनिटं तो सांगतो. ५ मिनिटं माहितीपुरत्या शंका. २० मिनिटं फक्त प्रश्न, सल्ला बंद. मग १५ मिनिटं तो खुर्ची फिरवून पाठमोरा बसतो, बाकीचे आपसात बोलतात, तो फक्त टिपून घेतो. शेवटची ५ मिनिटं तो पुढचं पाऊल सांगतो.

'तुम्ही अमुक करून पाहिलंत का?' हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे. सहप्रशिक्षकाने तिथल्या तिथे टोकावं. पहिल्या दोन बैठकांत टोकलं की तिसऱ्यापासून गटच टोकू लागतो. पाचव्या आणि सहाव्या सत्राचा निम्मा वेळ या गटांना द्या. प्रत्येकाची पाळी किमान एकदा यायला हवी आणि एवढा वेळ सत्रांत पुरत नाही, म्हणून मधल्या आठवड्यांतही एकेक बैठक लावा. ती ऑनलाइन चालते. बिअर गेम मात्र शक्यतो समोरासमोरच खेळवा.

उरलेला निम्मा वेळ प्रयोगांच्या आढाव्याला. प्रश्न पाच: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय ठेवायचं-बदलायचं, आणि माझं चित्र कुठे चुकलं? पाचवा प्रश्न विचारायचा राहिला की आढावा नुसत्या अंमलबजावणीचा होतो. चित्रावर तारीख घाला, खोडून नवा बाण काढा, जुनं चित्र फेकू नका.

## ९. परिणाम मोजा, पण अभिप्राय-अर्जावर थांबू नका

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेले प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर अजूनही कामाचे आहेत: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, निकाल बदलला का. बहुतेक संस्था पहिल्यावरच थांबतात. इथे तर पहिला स्तर फसवतोसुद्धा. दुसऱ्या सत्रानंतर, स्वतःचा बाण सापडल्यावर, अभिप्रायाचे गुण हमखास घसरतात. घाबरून सत्र मवाळ करू नका.

तिसरा स्तर मोजायला नेत्याला विचारू नका, त्याच्या हाताखालच्या तिघांना विचारा. प्रशिक्षण संपल्यावर ३ आणि ६ महिन्यांनी, नाव न घेता, तेच तीन प्रश्न: गेल्या महिन्यात तुमच्या हातातलं काम त्यांनी किती वेळा काढून घेतलं? वाईट बातमी तुम्ही त्यांना शेवटची कधी सांगितली आणि पुढे काय झालं? त्यांनी काय करायचं थांबवलंय? तिसऱ्या उत्तरात व्हिजनमधली 'थांबवेन' ची ओळ आली पाहिजे. तिघांपैकी दोघांना ती सांगता आली नाही, तर सहाव्या महिन्याची वाट न पाहता त्या नेत्याचा प्रश्नगट पुन्हा बसवा आणि पायरी ४ मधलं चित्र भिंतीवर लावा.